म्हैसूरला विजूताईची मीटिंग शोधताना

राजवाडा मी बाहेरून पाहिला. म्हैसूरला आठवडाभर राहून आले म्हटल्यावर सांगलीत जो भेटेल तो आधी राजवाड्याचं विचारतो, मग चंदनाच्या साबणाचं, मग वृंदावन बागेतल्या कारंज्यांचं. साबण आणलाय. कारंजी पाहिलेली नाहीत. जे पाहिलं ते कुठल्याही सहलीच्या जाहिरातीत नसतं, आणि ते लिहावं की नाही यावर बरेच दिवस माझं अडलं होतं. शेवटी विजूताईलाच फोन लावला. ती म्हणाली, "माझं नाव बदल. गाव नको बदलू. इथल्याच एखाद्या बाईच्या हाती पडलं तर तिला कळू दे की." म्हणून माणसांची नावं बदलली आहेत. बाकी घडलं तसं लिहिते.

विजूताई माझी सख्खी मोठी बहीण. लग्न होऊन म्हैसूरला गेली आणि तिकडचीच झाली. सासरचे लोक मराठी, पण किती पिढ्यांपूर्वी तिथे गेले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. मूळ पुरुष म्हैसूरच्या घोडदळात शिपाई होता एवढं ठाऊक. घरात अजून मराठी बोलतात, मात्र वाक्य मराठीत निघतं आणि कानडीत पोचतं. ताई तिथल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. मूलबाळ नाही. भाऊजी तीन वर्षांपूर्वी गेले, आणि त्याच सुमारास तीही निवृत्त झाली. आमचे फोन व्हायचे, पण ती आग्रह करणारी बाई नव्हे. म्हणून यंदा एका सकाळी तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "शैले, म्हैसूर बघायला ये. लवकर ये," तेव्हा मला नवल वाटलं. आनंदही झाला. मिरजेहून गाडी पकडली.

सरस्वतीपुरम

ताईचं घर दोन मजली. खाली तिचे धाकटे दीर नागोजीराव आणि त्यांची बायको, वर ताई एकटी. गल्ली शांत. पेन्शनर प्राध्यापक, खोल्या घेऊन राहिलेले विद्यार्थी, प्रत्येक फाटकाआत एक स्कूटर. पहिल्या सकाळी कॉफीच्या वासाने जाग आली, आणि उठून पाहते तर नाश्त्याला भात! पिवळाधमक, लिंबू पिळलेला, वर शेंगदाणे. आपल्याकडे सकाळी सकाळी भात पुढे ठेवला तर माणूस विचारेल, घरात कोणी आजारी आहे का. ताई हसली. "हे चित्रान्न. इथं तिंडीला हेच. खा गप्प."

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. देवराज मार्केटात गेलो. कुंकवाचे डोंगर, केळ्यांचे घड, आणि मोगऱ्याचे गजरे, जे तिथे हातावर मोजून देतात. कोपरापासून बोटांपर्यंत एक माप. "लांब हाताची बाई बघून घ्यायचं," ताई म्हणाली आणि खरोखरच एका उंच बाईकडे घेऊन गेली. लोण्याचा गोळा ठेवलेला मऊ डोसा खाल्ला. सगळं ठीक होतं, आणि तरी काहीतरी ठीक नव्हतं. दुपारी ताई खोलीचं दार लावून घ्यायची, ते संध्याकाळी उघडायची. तोंडात सदा लवंग. जेवताना ताटात अन्न तसंच. मी समजले, एकटेपणाने माणूस असा होतो.

तिसऱ्या सकाळी चामुंडीच्या डोंगरावर गेलो, तिच्या स्कूटरवर. दर्शन छान झालं. उतरताना एका वळणावर स्कूटर रस्ता सोडून डावीकडे जायला लागली. मी ओरडले, "ताई!" तिने ब्रेक मारला तो उशिरा. आम्ही दोघी कडेच्या गवतात पडलो आणि काकड्या विकणाऱ्या एका बाईची टोपली उलटून काकड्या उतारावरून घरंगळत गेल्या. फार लागलं नाही. माझा गुडघा, तिचं कोपर. मागून येणाऱ्या बसने लांबलचक हॉर्न वाजवला. मी ताईला काखेत हात घालून उठवलं, तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं, आणि लवंगेच्या मागचा वास मला आला.

सकाळ होती. देवीचं कुंकू तिच्या कपाळावर अजून ओलं होतं.

काकड्या गोळा केल्या. स्कूटर तिथेच एका दुकानदाराच्या भरवशावर ठेवली आणि बसने घरी आलो. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. घरी येऊन मी तिच्या कोपराला हळद लावायला बसले तेव्हा तीच म्हणाली, "विचार की."

"कधीपासून?"

"हे गेल्यावर. झोप यायची नाही. आधी स्वल्प, थोडी, रात्रीपुरती." ती कोपराकडेच बघत होती. "मग सकाळची लागायला लागली. मॉलमध्ये मोठं दुकान आहे, तिथं बायकासुद्धा जातात. ट्रॉलीत बाटलीवर बिस्किटं टाकायची, वर टॉवेल टाकायचा. मी दोनदा सोडली, शैले. दोन्ही वेळा परत लागली."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच बोलावलं की तुला." आणि मग तिने मला बोलावण्याचं खरं कारण सांगितलं. शहरात दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा होतात असं तिने वाचलं होतं. लोक जमतात, आपलं आपलं सांगतात, एकमेकांना धरून राहतात. फी नाही, नाव विचारत नाहीत. एकदा ती अशा एका ठिकाणच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली होती. "एकटीला पाय उचलत नाही. तू बरोबर आलीस तर जाईन."

मी पिशवीतून आणलेली प्रेक्षणीय स्थळांची यादी कपाटावर ठेवली ती तिथेच राहिली.

चर्चमागचा हॉल

शोधायचं कसं हाच पहिला प्रश्न. फोनवर एक नंबर सापडला, तो लागेना. दुसरा लागला, पण बोलणारा माणूस फक्त कानडी बोलत होता. मी फोन ताईकडे दिला तर तिने तो कापला. शेवटी एका पानावर पत्ता मिळाला: एका चर्चच्या मागचा हॉल, बुधवारी संध्याकाळी.

बुधवारी दिवसभर ताईने घेतली नाही. ती सांगत नव्हती, पण दिसत होतं. कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरायची. दुपारी तिने इस्त्रीची साडी काढली, नेसली, सोडली, पुन्हा दुसरी नेसली. खालून नागोजीरावांची बायको विचारून गेली, "कुठं फंक्शन काय?" ताई म्हणाली, "लेक्चर आहे."

रिक्षाने गेलो. हॉल सापडला. आत प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या आणि त्यांवर सगळे पुरुष. कोणी कामावरून थेट आलेले, कोणी पांढऱ्या लुंगीतले म्हातारे. एकही बाई नाही. कानडीत काहीतरी चाललं होतं ते आम्हाला दारात बघून थांबलं. कोणी वाईट नजरेने पाहिलं असं मी म्हणणार नाही. एका म्हाताऱ्याने तर "बन्नी, बन्नी," या या, म्हणत दोन खुर्च्या पुढे ओढल्या. मी ताईचा दंड धरून होते. ती एक पाऊल आत टाकते तोच पलीकडून एक तिशीचा माणूस ताडकन उभा राहिला.

"मेडम!"

त्याने हात जोडले होते. चेहऱ्यावर आनंद होता, आणि लगेच त्यावर दुसरंच काहीतरी आलं. ताईचा विद्यार्थी. तो कानडीत पटापट बोलला. ताईने नंतर सांगितलं, तो विचारत होता, आज तुम्ही आम्हाला भाषण द्यायला आलात का?

माझ्या हातातला तिचा दंड दगडासारखा झाला. "इल्ला, इल्ला," ती म्हणाली. नाही, नाही. "पत्ता चुकला." आणि ती वळली.

बाहेर ती इतकी भराभर चालायला लागली की मला पळावं लागलं. रस्त्यावर संध्याकाळची गर्दी, बस, फुलवाल्या. "ताई, थांब. तोही तिथेच होता ना! तो कशाला कुणाला सांगेल?"

"त्यानं मला बघितलं."

"तूही त्याला बघितलंस."

"तो माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, शैले!" ती भर रस्त्यात ओरडली. मग रिक्षा करून घरी आलो. वर जाऊन तिने खोलीचं दार लावलं. मी बाहेरून आधी हाक मारली, मग विनवलं, मग नुसती दाराला पाठ लावून जमिनीवर बसले. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

सकाळी नागोजीराव वर आले. चामुंडीच्या वाटेवरून त्यांनी स्वतः स्कूटर आणून ठेवली होती आणि तिचा चेपलेला पत्रा त्यांनी पाहिला होता. उंच, ताठ माणूस. निवृत्त सरकारी अधिकारी. ताई आत झोपलेली. ते उभ्यानेच, खालच्या आवाजात बोलले.

"शैलाताई, तुम्ही पाहुण्या. पण सांगतो. हे आम्हाला माहीत आहे. सगळं माहीत आहे. बेंगळूरला एक डॉक्टर आहेत, ओळखीचे. तिथं नेऊ आम्ही, सावकाश. हे मीटिंगगीटिंग बेडा, नकोच. चार लोकांत बसून वहिनी सांगणार काय, मी अशी अशी म्हणून? मनेतनाची, घराण्याची मर्यादा असते की."

"सावकाश म्हणजे कधी?" मी विचारलं.

ते वळले. जिन्यावरून उतरताना मात्र थांबले आणि म्हणाले, "दादा असता तर मला बोलायची गरज पडली नसती."

मला राग आला होता. नंतर जाणवलं, त्यांचा आवाज रागाचा नव्हता. तो माणूस घाबरलेला होता.

गोकुलम

गोकुलमचं ताईच्याच डोक्यातून निघालं. त्या भागात योग शिकायला परदेशातून माणसं येऊन राहतात, आणि त्यांची इंग्रजीत एक मीटिंग होते असं तिने कधीतरी ऐकलं होतं. "तिथं माझ्या वर्गातलं कोणी नसणार," ती म्हणाली. चेहरा सुजलेला, आवाज बसलेला, पण उठली होती, हे मला पुष्कळ वाटलं.

गोकुलम बघून मला क्षणभर सगळं विसरायला झालं. सांगलीच्या बाईने काय काय बघावं! नारळाच्या गाडीभोवती उघड्या पायांचे गोरे, खांद्यावर गुंडाळलेली चटई, कपाळाला गंध, आणि शहाळं पिताना नारळवाल्याशी मोडकं कानडी. आणि नारळवाला त्यांच्याशी उत्तम इंग्रजी. मी ताईला कोपराने ढोसलं. तिच्या तोंडावर जरासं हसू आलं. पण त्या दिवशी गोरे फार नव्हते. दोन खाणावळी बंद, एका गच्चीवर नुसत्या रिकाम्या दोऱ्या.

पत्त्यावरचं घर सापडलं. घंटा वाजवली. कुंड्यांना पाणी घालणारी एक बाई नळी हातात घेऊनच बाहेर आली. मीटिंग? ती वर व्हायची, तिच्या गच्चीवर. आता नाही. सीझन संपला, लोक आपापल्या देशी गेले. परत येतील तेव्हा बघू.

ताई "आयतु," झालं, एवढंच म्हणाली आणि फाटकाकडे वळली. आणि मला एकदम धास्ती वाटली, की ही आता या फाटकातून बाहेर पडली तर पुन्हा कुठल्याच फाटकात पाय टाकणार नाही. मी माझ्या हिंदीत त्या बाईला विचारलं, "इथली, इकडची कोणी बाई नव्हती का येत? एकसुद्धा?"

तिने नळी खाली ठेवली. आमच्या दोघींकडे पाहिलं, ताईकडे जरा जास्त. "एक होती," ती म्हणाली. "नरसीपूरहून यायची. गिरिजा. तिला विचारल्याशिवाय नंबर देणार नाही." आणि तिथेच उभ्या उभ्या तिने फोन लावला, दोन वाक्यं बोलली, आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून मोठा, खणखणीत आवाज. मी सांगायला लागले की माझी बहीण, तर तो आवाज म्हणाला, "बहिणीला द्या."

ताईने फोन कानाला लावला. नुसती ऐकत राहिली, नारळाच्या गाडीकडे बघत. बऱ्याच वेळाने "हूं" म्हणाली. फोन परत देताना मला म्हणाली, "रविवारी म्हैसूरला त्यांची बायकांची मीटिंग असते. तिच्या सासूचं ऑपरेशन झालंय, तोवर निघता येत नाही. पण म्हणते, रविवारपर्यंत थांबू नका. उद्याच घरी या."

टी. नरसीपूर

कावेरी आणि कबिनी मिळतात ते हे गाव. म्हैसूरहून बस मिळते. वाटेत उसाचे मळे आणि भाताची खाचरं, अगदी आपल्या कृष्णाकाठासारखी, फक्त नारळीची झाडं मध्ये मध्ये घुसलेली. ताईने पहाटेपासून काही घेतलं नव्हतं. कपाळावर घाम, हात पदराखाली लपवलेले. समोरच्या सीटवरच्या बाईने वळून विचारलं, "हुशार इल्ला काय, मेडम?" बरं नाही का? ताई म्हणाली, पित्त.

गिरिजाच्या घराखाली त्यांचं औषधांचं दुकान. आम्ही पोचलो तर शटर अर्धं खाली. नोकर म्हणाला, मेडम सासूला घेऊन ड्रेसिंगला गेल्यात, तासाभरात येतील. बाकावर बसा. बसायला ताईला जमेना. म्हणून संगमावर गेलो.

संगम सुंदर आहे. रुंद पाणी, दोन रंगांचं, पलीकडे वाळू, वेताच्या गोल होड्या. पायऱ्यांवर कोणी मुंज झालेल्या मुलाला बुडी देत होतं. नरसिंहाच्या देवळापाशी ताई म्हणाली, "तू जाऊन ये, मी पायरीवर बसते." मी म्हटलं, दोघी जाऊ. "जा की गे," ती वैतागली, "सारखी पहारा देऊ नको." मला ते लागलं. मी आत गेले. रांग छोटी होती. देवापुढे मी काय मागितलं ते सांगायला नको.

बाहेर आले तर पायरीवर ताई नव्हती.

खालच्या पायरीपर्यंत गेले. नाही. पाण्याकडे पाहिलं. मुंजीवाल्या बाईला विचारलं, मराठीत, मग हिंदीत. ती मान हलवत राहिली. "अक्का," मी म्हणाले, "अक्का, हिरवी साडी," आणि माझ्याच साडीचा पदर हातात धरून दाखवला. होडीवाल्याने नदीकडे बोट दाखवलं. मग कळलं, तो विचारत होता, पलीकडे जायचंय का. ताईला फोन लावला. वाजत राहिला.

मी गावाच्या दिशेने धावले. या वयात धावले. देवळाचा रस्ता, पूजेच्या सामानाची दुकानं, मग मोठा रस्ता. आणि तिथे, वळणावर, विजेच्या खांबाला धरून ताई उभी होती. भर उन्हात. रस्त्याच्या पलीकडे लोखंडी जाळी लावलेलं दारूचं दुकान, पुढे पुरुषांची रांग. रांगेतले लोक तिच्याकडे बघत होते. ती कुणाकडेच बघत नव्हती, नुसती त्या जाळीकडे. पर्स छातीशी घट्ट.

मी जवळ गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत गेले नाही."

"बरं केलंस."

"पण इथनं हलतापण येत नाही गे. पाय ऐकत नाहीत." तिचे ओठ पांढरे पडले होते. "तू हात धर. ओढ मला."

मी तिचा हात खांबावरून सोडवला. एकेक बोट सोडवावं लागलं. आणि तिला धरून गिरिजाच्या दुकानाकडे निघाले. वाटेत ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा मी हात सोडला नाही.

गिरिजा आली होती. पंचेचाळिशीची, धिप्पाड, कानात मोठ्या कुड्या. तिने ताईला पाहिलं आणि नमस्कार चमत्कार न करता पहिलंच विचारलं. कानडीतच, पण एवढं मलाही कळलं: आज घेतलीत?

"इल्ला," ताई म्हणाली.

"काल?"

ताईने मान हलवली, हो.

गिरिजाने तिचे हात आपल्या हातात घेतले, उलटे करून पाहिले, थरथर पाहिली. आणि माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाली, "असं एकदम सोडवायचं नाही. फीट येऊ शकते. उद्या सकाळी म्हैसूरला डॉक्टरकडे जायचं, मी फोन करते. मीटिंग आहेच, पण आधी डॉक्टर. तोवर एकटं सोडायचं नाही." मग तिने ताक आणलं, मीठ घातलेलं, आणि आम्हाला आतल्या खोलीत नेलं. पलीकडच्या खोलीत सासू झोपलेली होती, म्हणून ती हळू बोलत होती. तिच्या आवाजाला ते अवघड जात होतं.

तिने आधी स्वतःचं सांगितलं. मला शब्द कळत नव्हते. अधूनमधून ताई एखादं वाक्य मराठीत सांगे. गिरिजा कफ सिरपच्या बाटलीत भरून दुकानात, गल्ल्यामागे ठेवायची. नवऱ्याला वर्षभर कळलं नव्हतं. मुलीच्या शाळेत, स्नेहसंमेलनात ती पडली होती, सगळ्यांसमोर. हे सांगताना ती हसली. ताई हसली नाही, पण तिने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

आणि मग ताई बोलायला लागली. कानडीत. आधी अडखळत, मग थांबेचना. मी शेजारी बसले होते आणि मला काही कळत नव्हतं. भाऊजींचं नाव कळलं. कॉलेजचं नाव कळलं. एकदा "शैला" ऐकू आलं आणि त्यानंतर ती रडली. काय म्हणाली माझ्याबद्दल? मी विचारलं नाही, अजूनही नाही. पाठच्या बहिणीला मातृभाषेत जे इतकी वर्षं सांगता आलं नाही, ते ती तासाभराच्या ओळखीच्या बाईला दुसऱ्या भाषेत सांगत होती. मला वाईट वाटलं, हे कबूल करते. आणि त्याच वेळी वाटलं की आता मी इथून उठून बाहेर गेले तरी चालेल.

मी उठले, आणि पलीकडे सासूबाई जाग्या झाल्या होत्या त्यांच्या उशाशी जाऊन बसले. त्यांनी विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का? हे एक कानडी वाक्य आठवड्यात मी शिकले होते. नाही म्हणाले. त्यांनी पडल्या पडल्या सुनेला हाक मारून आम्हाला जेवायला वाढायला लावलं. गरम भात, सार, पापड. ताईने ताट पुसून खाल्लं.

परतीचा दिवस

दुसऱ्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळ्या दिल्या, रोज येऊन दाखवायला सांगितलं. ताईने कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. आतल्या बाटल्या मी मोरीत ओतल्या आणि पाणी सोडत राहिले. तो दिवस वाईट गेला. ताईला घाम, उलट्या, आणि मधूनच माझ्यावर असा राग की त्यातले शब्द इथे लिहिणार नाही. जिन्यात पावलं ऐकू यायची आणि दाराशी येऊन परत जायची. एकदा दार उघडलं तर उंबऱ्यावर शहाळी ठेवलेली होती, वरून छाटलेली, दोन. नागोजीराव खाली पोचले होते.

रविवारी संध्याकाळी माझी गाडी होती, आणि त्याच वेळी बायकांची मीटिंग. गिरिजा आणि अजून काही जणी मिळून कुणाच्या तरी घरी बसतात. मी म्हटलं, तिकीट रद्द करते. ताई म्हणाली, "नको. तू असलीस तर मी तुझ्यासाठी जाईन."

ती माझ्या आधी निघाली. गिरिजा न्यायला आली होती. फाटकापाशी ताईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. ती जाईल का? दारातून परत फिरेल? मला काही खात्री नव्हती.

मला स्टेशनवर सोडायला नागोजीराव आले. फलाटावर त्यांनी माझी बॅग सीटखाली ढकलली, पाण्याची बाटली आणून दिली आणि खिडकीपाशी उभे राहिले. सारखं घड्याळ बघत होते. मला वाटलं, कंटाळले. म्हटलं, "तुम्ही निघा, मी बसते."

"तसं नव्हे," ते म्हणाले. खिडकीच्या गजाकडे बघत विचारलं, "ते... वहिनींचं. किती वाजता सुटतं?"

मी वेळ सांगितली. घर कुठे आहे तेही सांगितलं.

"त्या बाजूला संध्याकाळी ऑटो मिळत नाही," ते म्हणाले. हात जोडले आणि वळून भराभर चालायला लागले. गाडी सुटायला वेळ होता. त्यांची ताठ पाठ जिन्यावरच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

मद्दूरला एक फेरीवाला वडे घेऊन डब्यात चढला. तिथला वडा चपटा, कुरकुरीत, कांद्याचा. आपल्या वड्याशी त्याचं काही नातं नाही. मी एक घेतला होता आणि फोन वाजला. ताई.

"आत गेले," ती म्हणाली. "आज काही बोलले नाही. नुसती बसले. पुढच्या रविवारी बोलीन."

तिच्या मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, आणि त्यांवरून नागोजीरावांचा आवाज:

"वहिनी, बसा की लवकर! पोलीस शिट्टी मारतोय!"